युनिफॉर्म टू

बाळांनो, तुम्ही फोनवर नेहमी विचारता, आजी, तू पकडलेला सगळ्यात मोठा गुन्हेगार कोण? माझ्या मनात मात्र कुडव्यातले एक प्रकरण अजून ताजे आहे, ज्यात मी कोणालाच पकडले नाही.

तेव्हा मी गोंदियातल्या एका ठाण्याची निरीक्षक होते. एका दुपारी कुडव्यातली किराणा दुकानदारीण गल्लीतल्या चार-पाच जणांना घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, आमच्या गल्लीतला मास्तर जंगलवाल्यायले खबर देऊन राह्यला."

"कशावरून?"

"तो मशीनवर बोलाले लागला का आमच्या टीव्हीचे चौकोन चौकोन होतेत. मंग मी त्याच्या खिडकीखाली जाऊन आयकलं. 'युनिफॉर्म टू, युनिफॉर्म टू' म्हनते. युनिफॉर्म म्हंजे वर्दी. दोन वर्दीवाले निंघाले, असं सांगून राह्यला!"

मागून एक तरुण म्हणाला, "मॅडम, छत पे इतना बडा खंबा लगाया है. आज शाम को क्रिकेट का फाइनल है. उसके पहले हमही गिरा देंगे."

"खांबाला हात लावलात तर फाइनल लॉकअपमध्ये ऐकाल," मी म्हणाले.

जंगलवाले म्हणजे नक्षलवादी. जंगलाला लागून असलेल्या आमच्या जिल्ह्यात अशी खबर हसण्यावारी नेता येत नाही. चौकशीशिवाय लिहूनही घेता येत नाही, कारण एकदा संशयित म्हणून नाव चढले की ते पुसले जात नाही. त्यात या मास्तरांच्या मुलीला सरकारी नोकरी लागली होती आणि तिची चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात होती. वडिलांवर नोंद झाली असती तर ती नोकरी गेलीच असती.

'युनिफॉर्म' ऐकताच मला आमची वायरलेस खोली आठवली होती. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. हवालदारांना घेऊन मी मास्तरांकडे गेले.

निवृत्त विज्ञान शिक्षक. मी बसण्याआधीच त्यांनी हौशी रेडिओचा, म्हणजे घरून जगभर बोलायच्या छंदाचा, सरकारी परवाना पुढे धरला. त्याची मुदत संपलेली नव्हती.

"कोणाशी बोलता?"

"जो उत्तर देईल त्याच्याशी. काल जपानचा एक दातांचा डॉक्टर होता."

"आणि युनिफॉर्म टू?"

"आपल्या देशाच्या परवान्यांची अक्षरे व्ही, यू. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून रेडिओवर ती व्हिक्टर, युनिफॉर्म अशी म्हणतात. पुढे माझा आकडा दोन." मग त्यांचा आवाज खाली आला. "मॅडम, पोरीच्या कागदावर काही लिहू नका. म्हणाल तर आत्ता खांब उतरवतो."

निर्दोष माणूस घाबरला की आधी माघार घेतो आणि लोक त्यालाच कबुली समजतात. मी म्हणाले, "खांब उतरवायचा नाही."

मास्तर खरे बोलत होते, पण टीव्हीची तक्रारही खोटी नव्हती. हवालदारांना मास्तरांजवळ ठेवून मी दुकानदारणीच्या घरी टीव्हीसमोर बसले आणि फोनवर सांगितले, "बोलू द्या." चित्राचे तुकडे झाले. मग मी केबलची वायर काढायला लावली आणि टीव्हीला पेन ड्राइव्ह जोडून तिच्या पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. पुन्हा म्हटले, "बोलू द्या." मास्तर बोलत राहिले आणि नवरदेव निवांत लाडू खात राहिला. चित्र स्वच्छ.

म्हणजे त्रास टीव्हीतून नव्हे, वायरीतून शिरत होता. वायरीच्या मागे मागे आम्ही दुकानाच्या मागल्या भिंतीशी पोहोचलो. तिथे केबल मधेच सोलून तिला दुसरी वायर हाताने पिळून जोडली होती. वरून दुधाची पिशवी गुंडाळलेली. ती दुसरी वायर दुकानातल्या टीव्हीला जात होती आणि पुढच्या घरांची लाइनही याच जोडावरून होती, म्हणून मास्तरांच्या रेडिओची लहर या उघड्या जोडातून शिरून सगळ्यांचे चित्र तोडत होती.

"हे कोणी केलं?"

इतका वेळ तावातावाने बोलणारी बाई पिशवी पुन्हा वायरीवर गुंडाळू लागली. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरच्यानं, दुसऱ्या टीव्हीचे पैशे वाचवाले. केबलवाल्याले सांगू नका ना, मॅडम."

केबलवाल्याला मी तिथेच बोलावले. त्याने तो जोड कापून वायर नीट बसवली आणि दुकानातल्या टीव्हीला रीतसर कनेक्शन दिले. मास्तरांनी रेडिओच्या लहरी अडवणाऱ्या आपल्याजवळच्या काळ्या कड्या आणून दोन्ही टीव्हींजवळ वायर त्यांतून गुंडाळली.

संध्याकाळी सगळी गल्ली दुकानातल्या टीव्हीसमोर जमली. मी मास्तरांना बोलायला सांगितले. खिडकीतून खणखणीत आवाज आला, "व्हिक्टर युनिफॉर्म टू!" पडद्यावर चेंडू सीमेपार गेला, एकही चौकोन नाही. खांब पाडायला निघालेला तोच तरुण ओरडला, "मास्टरजी, और जोर से बोलो!"

"मंग ते वर्दीचं?" बाईने विचारले.

"वर्दी ही," मी माझ्या खांद्याकडे बोट दाखवले. "ते नुसतं इंग्रजी यू."

त्या रात्री मी ताठ मानेने घरी गेले. दुसऱ्या दिवशी मुलीच्या पडताळणीवर 'प्रतिकूल काही नाही' असे लिहून सही केली. तेव्हापासून मी तक्रार आणि संशय वेगवेगळे तपासू लागले. तक्रार बहुधा खरी असते. संशय मात्र ज्याचा त्याने जोडलेला असतो, दुधाच्या पिशवीतल्या त्या जोडासारखा.

मुलगी कामावर रुजू झाली, तेव्हा पेढे द्यायला मास्तर मला घेऊन दुकानात गेले. बाईने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मास्तर, त्या जपानच्या दातवाल्यालेही सांगा, आपली पोरगी नोकरीले लागली म्हनून!"