अळीशिवाय वाढलेल्या माश्या

आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या प्रयोगशाळेतले आमचे पुणेरी सर कांदासुद्धा खात नाहीत आणि पाहुण्यांना ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत. जिवंत अळीला आतून खाऊन वाढणाऱ्या माश्या ते अळीशिवाय, नुसत्या जेलीवर वाढवतात. ‘ताटलीतली अहिंसा,’ असं म्हणून ते टाळ्यांपुरते थांबतात.

माझा प्रबंध याच जेलीवर उभा आहे. माझ्या माश्या मात्र खुरटतात, सरांच्या गुबगुबीत निघतात. कारण विचारलं तर म्हणतात, ‘अगं, हाताला गुण असावा लागतो.’

मध्यंतरी गमबूट घ्यायला मी नदीकाठच्या मासेमारीच्या दुकानात गेले, तर सर काउंटरपाशी. दुकानदाराने न विचारताच गळाला लावायच्या जिवंत अळ्यांचा डबा पुढे सरकवला. ‘मासे लागतायत ना, डॉक्टर?’

‘ग्रँड, ग्रँड,’ म्हणत सर वळले आणि मला पाहताच डबा कोटात गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी ताटली आपणहून सांभाळायला घेतली. काही आठवड्यांनी परत दिली, ती गुबगुबीत माश्यांनी भरून. ‘सुटला बघ तुझा प्रबंध.’

मी आभार मानले. जेलीच्या कडेला चिकटलेलं अळीचं रिकामं कातडं मी अजून काढून टाकलेलं नाही.