‘आ कर’ म्हणणारे काका

माणूस ओळखावा तो त्याच्या दाढांवरून, असं मानणारा अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच गृहस्थ होता, आणि तो नेमका आमच्या वाट्याला धाकटा काका म्हणून आला. बोरीच्या शाळेत मास्तर असताना प्रार्थना संपली की ते पोरांच्या रांगेला आ करायला लावत. निवृत्त झाल्यावर पोरं सुटली आणि नातेवाईक सापडले. नमस्काराला वाकलं तरी आशीर्वादाआधी ‘आ कर’ ऐकावं लागे. माझ्या लग्नात तर आहेर करता करता त्यांनी माझ्या सासऱ्यांची दाढ किडल्याचं भर मांडवात जाहीर केलं. सासरे अजूनही त्यांच्याशी ओठ मिटूनच बोलतात. स्वतःचे पांढरेशुभ्र दात दाखवून काका म्हणत, "सत्तरी आली, एकबी हलला न्हाई. मीठ अन् कोळसा, बस."

या तपासणीतून सुटली ती फक्त काकू. ती न्हाणीमागं चोरून मिश्री लावायची. नवऱ्यासमोर जेवायचं नाही आणि हसू आलं तर पदर तोंडावर घ्यायचा, ही तिच्या माहेरची रीत तिनं जन्मभर पाळली. भांडण झालं की ओठ घट्ट मिटून बसायची, मग काका कितीही बडबडोत. गावभरची तोंडं बघून झाली तरी बायकोचे दात काही त्यांनी पाहिले नव्हते.

मग काकूला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. परभणीच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी काकांना समोर बसवून सांगितलं, "लुळ्या गालात घास अडकतो, त्यांना कळत नाही. तोंडातली घाण फुप्फुसात उतरली की न्यूमोनिया होतो. लकव्यातून वाचलेली माणसं त्यानं जातात. दर खाण्यानंतर बसतं करून मऊ ब्रशनं तोंड साफ करा." आयुष्यभर जे दुसऱ्यांना सांगितलं, ते काकांनी त्या दिवशी मान खाली घालून ऐकलं.

घरी आल्यावर काकू सुनेच्या हातून चार घास खायची, पण काका ब्रश घेऊन आले की दात आवळून घ्यायची. काकांना वाटलं, रुसलीय. त्यांनी जन्मात पहिल्यांदा माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. थोड्याच दिवसांत काकूला ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली, आणि तिला पुन्हा परभणीला न्यावं लागलं. त्या खेपेला ती कशीबशी परत आली. मी भेटायला गेलो तेव्हा काकाच आजारी दिसत होते.

शेवटी सून म्हणाली, "मामंजी, त्या रुसल्या न्हाईत. लाजायल्यात. मिश्रीनं काळे झालेले दात तुमाला कसे दाखवतील?"

काका काकूच्या खाटेजवळ सरकले. मग आम्हा सगळ्यांदेखत त्यांनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही काकूच्या मांडीवर ठेवल्या. त्यांचे गाल एकदम आत गेले. आम्हा कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं.

"बघ," ते म्हणाले. "कोळशानं घासून घासून समदे गेले. पेन्शनच्या कामाला जातो म्हणून परभणीला जायचो, ते हेच बसवायला. तुज्यापासूनबी लपवलं. आता तू दाखव."

काकू कवळ्यांकडं बघत राहिली आणि हसली. निम्मंच तोंड हसलं. उजवा हात उठत नव्हता; डावा उठत होता, पण तिनं पदर घेतला नाही. काकांनी हळूच ब्रश आत घातला, तर गालातून सकाळचा भात निघाला. मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्यानंतर काकांनी लोकांची तोंडं बघायचं सोडलं. त्यांचा सगळा दिवस काकूच्या पाठीशी उशा लावण्यात, तिला चमच्यानं भरवण्यात आणि मग तोंड साफ करण्यात जाई. बघायला आलेल्या बायका मायेनं तिच्या तोंडात पेढा कोंबायला गेल्या, तर काका त्यांच्यावर वसकन ओरडत. छातीचं दुखणं पुन्हा झालं नाही.

काकू गेली ती हृदय थांबून, माघात, सकाळच्या वेळी. काकूच्या थोरल्या वन्संनी रीतीप्रमाणे तोंडात घालायला गंगाजळ आणि तुळशीचं पान आणलं. काका म्हणाले, "थांबा." त्यांनी ब्रश ओला करून आणला, तिच्या उशाशी बसले आणि लुळ्या गालापासून सुरुवात करून तिचं तोंड सावकाश साफ केलं. ओठ टिपून झाल्यावर ते बाजूला सरकले.

"आता घाला," ते म्हणाले. "तोंड साफ हाय तिचं."