आईच्या तापाचं नाव

मेंढ्यांवरच्या गोचिडांसाठी फवारायच्या औषधाचा वास आला, की खुटबावचा तीसेक वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. आईचा ताप उतरत नव्हता आणि गुडघे टम्म सुजले होते. दौंडला रक्त तपासलं तर टायफॉइड निघाला. शिरूरच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासून टायफॉइड नाही, संधिवात असेल असं सांगितलं. आईनं त्यांना पोटरीवरचा लाल चट्टा दाखवला. "सायेब, हितं गोचीड चावली व्हती. त्यानं तर न्हाई ना?" "असू शकेल," डॉक्टर म्हणाले, "पण ती तपासणी आपल्याकडं होत नाही." वडिलांनी विचारलं, "मंग औषध कशावर देताय?" डॉक्टर हळूच म्हणाले, "अंदाजानं." पावसाळ्यात आई गेली. आता माझी तब्येत तपासताना डॉक्टर विचारतात, आई कशानं गेली? मी नुसतं 'तापानं' म्हणतो.