तिसरी सीट

सुजाता वहिनीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच ती म्हणाली. फोन तिने बंद केला नाही. पलीकडे दवाखान्यात कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याच्या चाकांचा आवाज बराच वेळ येत राहिला... प्रशांत दोन वर्षं डायलिसिसवर होता. मानोऱ्याहून वाशिमला आठवड्यातून दोनदा जायचा आणि संध्याकाळी परत येऊन दुकान उघडायचा. त्या दिवशी तो परत आला नाही.

आम्ही दोघे इंझोरीचे. शाळेत एका बाकावर बसायचो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बारावीनंतर इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचा, तर कोणत्या कॉलेजचं नाव आधी टाकायचं हे ना मला कळत होतं, ना वडिलांना. प्रशांतने एका झेरॉक्सच्या दुकानात बसून आधी माझा फॉर्म भरला, मग स्वतःचा. दोघांचाही नंबर लागला. पण त्याच उन्हाळ्यात त्याचे वडील वारले, आणि तो मानोऱ्यात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकून बसला. मी आज जो काही आहे तो त्या फॉर्मवर आहे. हे त्याला एकदा नीट सांगायचं होतं. राहून गेलं.

त्याच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर खुर्ची नव्हती, लाकडी बाकडं होतं. ज्याचा फॉर्म त्याला पडदा दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. स्वतः तो डाव्या टोकाला बसायचा आणि कोणीही आलं की उजवीकडे थाप मारून म्हणायचा, "ये, सरकून बसू." याच बाकड्यावर बसून, गिऱ्हाईक नसलं की, तो अवकाशयानाचा एक खेळ खेळायचा. तो नुसता उडवाउडवीचा खेळ नव्हता. यान एकेक भाग जोडून स्वतः बांधायचं, वजन आणि इंधनाचा हिशेब जमवायचा आणि माणसं चंद्रावर उतरवून परत आणायची. कॉलेजात मी चार वर्षांत जे शिकलो त्यातलं बरंचसं तो या खेळातून शिकला होता. मी शिकलो आणि तो राहिला, याची मला लाज वाटायची, त्याला काहीच वाटायचं नाही.

डायलिसिस सुरू झाल्यावर त्याने दोन माणसांचा लँडर बांधला. अंतराळवीरांना नावं देता येतात, म्हणून एक प्रशांत आणि एक सुजाता. फोनवर त्याने सगळं सांगितलं तेव्हा मी सहज म्हणालो, "मले काहून नाही घेतलं बे? मोठा झाला का तू?"

"तू अमरावतीचा साहेब. तुले कायले चंद्र पाह्यजे?"

"तरी पण लेका, इचारायचं तर."

मी गंमत करत होतो. त्याने चार दिवस खपून लँडरला तिसरी सीट लावली, माझ्या नावाची. आमच्याकडच्या काळीपिवळी जीपमध्ये जसा अजून एक माणूस मावतोच, तसा. लँडर छान उतरला. त्याने मला फोटो पाठवला... करड्या जमिनीवर तीन बुटके अंतराळवीर एका ओळीत उभे. दुसऱ्या दिवशी हिशेब लागला. तिसऱ्या सीटच्या वजनाने उतरतानाच इंधन जास्त खाल्लं होतं. परत निघण्यापुरतं उरलंच नव्हतं.

खेळात मागे जाऊन पुन्हा सुरू करायची सोय असते. मी तसं म्हणालो, तर तो हसला. "खऱ्यात असते का मांगं जाणं? दुसरं यान पाठवू, घेऊन येऊ." त्याने दोन यानं पाठवली. तोवर हात थरथरायला लागले होते, दोन्ही आपटली. शेवटच्या भेटीत तो म्हणाला, "आता तूच आण बे आपल्याले." मी हो म्हणालो.

तो गेल्यावर मी दर रविवारी मानोऱ्याला जाऊ लागलो. दुकान आता वहिनी चालवते. तिने सांगितलं होतं, मशीन फार अडकते, बारावीच्या फॉर्मची गर्दी सुरू व्हायच्या आत खेळ काढून टाकावा लागेल. खेळ माझ्या लॅपटॉपवर नेऊन पाहिला, तिथे ती जुनी आवृत्ती उघडेना. तीन सीटचं यान बांधायला घेतलं की त्याला मोठं रॉकेट लागे, आणि तेवढे भाग जोडले की दुकानातला कॉम्प्युटर बंद पडे. दोन सीटचं मात्र चालायचं. रिकामं पाठवायचं, चालकाशिवाय, म्हणजे परतताना दोन्ही सीट मोकळ्या. तीन रविवारी तीन यानं फुटली. चौथ्या रविवारी, दुपारी, एक त्यांच्या शेजारी नीट उतरलं.

मी वहिनीला हाक मारली. ती येऊन माझ्या उजवीकडे बसली.

"वहिनी, इंधन पुरतं. पण दोघंच येऊ शकतात, दुसरं पाठवाले आता येळ नाही. तुमी दोघं या, मी थांबतो तिथं."

ती पडद्याकडे वाकली. "यातले हे कोणते?" मी दाखवलं. मग ती म्हणाली, "तुमाले सोडून बसतीन का ते, भाऊजी? तुमच्याचसाठी तर अडकले तिथं."

ती रागाने बोलली नव्हती. तिने नुसतं सांगितलं.

"मंग तुमी एकट्या?"

"त्यायले ठेवून मी येऊन काय करू?"

बाहेर एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती, हातात कागदांची पिशवी. वहिनी उठली. जाता जाता म्हणाली, "राहू द्या तिघायले. पुसायचं तवा पुसू."

त्या रिकाम्या यानात मी कोणालाच बसवलं नाही. फॉर्म आता आठवड्याभरात सुरू होतील, आणि मग खेळ पुसावाच लागेल. मुलीला जागा द्यायला मी डावीकडे सरकलो, आणि त्या टोकाला खोलगट लागलं. बारा वर्षांत प्रशांतच्या बसण्याने बाकडं एवढ्याच जागेत झिजलं आहे... जेमतेम अर्ध्या माणसाएवढं.