खाजेला तीनपैकी एक

माझ्या ताईनं बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि या बत्तीस वर्षांत एकाही मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. उत्तर बरोबर, पायऱ्या बरोबर, आकृती बरोबर, तर अक्षर वाईट. अक्षरही बरं असलं, तर समास कमी सोडलाय. मुलं तिला कात्रीबाई म्हणायची. हे तिनंच मला सांगितलं, आणि तेही जरा खुशीत. तिचं लग्न का झालं नाही असं विचाराल, तर माझ्या मते एकही स्थळ तिच्या तपासणीत साठ टक्क्यांच्या वर गेलं नाही. मी मात्र पस्तीस टक्क्यांत समाधान मानून संसार केला. आता तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर माझं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान आहे.

गेल्या वर्षी ताईच्या अंगावर पित्त उठायला लागलं. तसं ते कुणालाही उठतं आणि दोन दिवसांत जातं. हिचं जाईना. सकाळी दंडावर, दुपारी पाठीवर, संध्याकाळी पोटऱ्यांवर. लाल, फुगीर चट्टे उठायचे, काही तासांत मावळायचे आणि लगेच दुसरीकडे हजर व्हायचे. कधी ओठ असा सुजायचा की ‘प्रमेय’ म्हणता येईना. कधी तळहात सुजायचे आणि खडू हातात ठरेना. मग कुणा पालकानं मुख्याध्यापिकांना विचारलं, ‘‘हे मुलांना लागणार तर नाही ना?’’ लागत नाही. डॉक्टरांनी तसं लेखी दिलं. तरीही मुख्याध्यापिका ताईला साखर पेरल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, ‘‘बाई, आधी बऱ्या व्हा. तोवर ग्रंथालयात बसा, तिथं शांत असतं.’’

शांतता हा ताईचा विषयच नव्हे. तिला वर्ग हवा होता, फळा हवा होता आणि चुकणारी चाळीस मुलं हवी होती.

त्वचेची डॉक्टर वयानं ताईच्या विद्यार्थिनीएवढी होती. तिनं गोळ्या दिल्या, दुप्पट केल्या, चौपट केल्या. शेवटी म्हणाली, ‘‘महिन्यातून एकदा घ्यायचं एक इंजेक्शन आहे. पण आमच्या इस्पितळात ते फक्त तीव्र आजाराला मिळतं. तुमचा आजार तीव्र आहे की नाही हे या तक्त्यावरून ठरेल.’’ तक्ता साधा होता. रोज चट्ट्यांना शून्य ते तीन आणि खाजेला शून्य ते तीन. दिवसाचे सहा, आठवड्याचे बेचाळीस. अठ्ठावीस किंवा त्याहून जास्त आले की आजार तीव्र.

शिवाय रक्तही काढलं. रक्तात सूज सांगणारा एक आकडा असतो आणि रक्ताच्या गुठळ्या विरघळल्याची खूण सांगणारा दुसरा. पित्ताचा आजार जोरात असला की हे दोन्ही बहुधा चढतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. ‘बहुधा’ हा शब्द तिनं दोनदा वापरला. ताईनं दोन्ही वेळा भुवई वर केली.

आठवड्यानं निकाल लागला. रक्तातले दोन्ही आकडे भलतेच चढलेले. आणि तक्त्यावर बेरीज? चौदा. म्हणजे आजार सौम्य.

आता डॉक्टर बिचारी काय करणार? पित्त सौम्य आहे असं पेशंट स्वतः लिहून देतेय, तेव्हा रक्तातली सूज दुसरीकडून येत असणार. मग शोधमोहीम सुरू झाली. छातीचा फोटो झाला, पोटाची सोनोग्राफी झाली, लघवी तपासली, घसा तपासला. कुठंच काही सापडेना, म्हणून दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यानं एका दाढेवर संशय घेऊन ती काढली. काढल्यावर उजेडात धरून बघत म्हणाला, ‘‘अरेच्चा, ही तशी चांगली होती.’’ रक्त पुन्हा तपासलं. आकडे जागचे हलले नव्हते. दाढ गेली ती गेलीच.

त्या दिवशी ताई गालाला बर्फ लावून पडली होती आणि मी तिची फाइल आवरत होते. तेव्हा तो तक्ता माझ्या हाती लागला. सातही दिवस चट्टे एक, खाज एक. लाल शाईत. माझं डोकंच फिरलं.

‘‘ताई, एक म्हणजे वीसपेक्षा कमी चट्टे. तुझ्या अंगावर वीसपेक्षा कमी?’’

‘‘एकमेकांना चिकटलेले असले तर मी एकच धरते.’’

‘‘आणि पाठीवरचे?’’

‘‘पाठ मला दिसत नाही. जे दिसत नाही त्याला गुण कसे देणार?’’

‘‘बरं, खाज? रात्रंदिवस खाजवतेस आणि एक?’’

‘‘तीन म्हणजे सगळ्यांत जास्त,’’ ती एखाद्या मठ्ठ मुलाला समजवावं तसं म्हणाली. ‘‘आज तीन दिले आणि उद्या याहून वाढली, तर उद्या काय देऊ?’’

मी कपाळावर हात मारला. बत्तीस वर्षं या बाईनं मुलांना रडवलं, आता स्वतःच्या कातडीलाही सोडत नव्हती. एक अख्खी दाढ घालवली तिनं, पण गुण वाढवले नाहीत!

बरीच भांडाभांडी होऊन तह झाला. पुढच्या आठवड्यात चट्टे मी मोजायचे. खाज मात्र तिची. ‘‘खाज तुला सुटते का?’’ तिनं विचारलं. मला सुटत नव्हती, म्हणून तो रकाना तिच्याकडेच राहिला.

सोमवारपासून मी रोज दुपारी एक वाजता दुकान बंद करून वर जायची. ती खिडकीकडे पाठ करून उभी राहायची आणि मी मोजायची. चौकटीचं काम करून माझी नजर पक्की झालीय. सोमवारी त्रेसष्ट भरले. तिनं पुन्हा मोजायला लावले, तर पासष्ट भरले. पन्नासच्या वर म्हणजे तीन, ते तिनं मुकाट्यानं लिहिले. शेजारी खाज, एक. मंगळवारी तेच. बुधवारी तिनं लाकडी पट्टीनं दंड इतका खाजवला की रक्त आलं. मी ओरडले, ‘‘अगं, रक्त आलंय!’’ ती म्हणाली, ‘‘आलंय, पण थांबलंय.’’ आणि लिहिला एक. मला तिचा इतका राग आला की मी जेवण न वाढताच खाली निघून आले.

गुरुवारी शाळेचं पत्र आलं. नवं सत्र सुरू होईपर्यंत प्रकृती पूर्ण बरी झाल्याचं कळवलं नाही, तर मोठ्या मुलांचा वर्ग नव्या शिक्षिकेकडे कायमचा देण्यात येईल. बाईंनी ग्रंथालयाची व्यवस्था पाहावी. ताईनं ते दोनदा वाचलं. ‘‘शुद्धलेखन बरं आहे,’’ एवढंच म्हणाली. मग खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून. मी दुपारी दुकान उघडलंच नाही, तिच्यापाशी बसून राहिले. आणि नेमकं त्याच दिवशी तिचं अंग जवळजवळ स्वच्छ होतं. मी शोधून शोधून मोजले, तर चार चट्टे. संध्याकाळपर्यंत तिनं एकदाही खाजवलं नाही. मी मनात म्हटलं, झालं, आजचा दिवस गेला, आता बेरीज कसली भरतेय. उरलेले दिवस पुन्हा पहिल्यासारखे गेले.

डॉक्टरीणबाईनं तक्ता घेतला आणि बोट फिरवत म्हणाली, ‘‘रोज चार. सात चोक अठ्ठावीस! तीव्र आजारात बसलात तुम्ही.’’

रोज चार? माझ्या हिशेबानं गुरुवारी दोनसुद्धा व्हायला नको होते. मी वाकून बघितलं. गुरुवार: चट्टे एक. खाज तीन.

‘‘आता रक्त आणि तक्ता जुळले,’’ डॉक्टर खूश होऊन म्हणाली. मग थबकली. ‘‘गुरुवारी चट्टे एवढे कमी आणि खाज एवढी?’’

मी ताईकडे बघितलं. ती भिंतीवरचा उंचीचा तक्ता वाचत होती.

‘‘त्या दिवशी सहन झालं नाही,’’ ती म्हणाली.

‘‘होतं असं. चट्टा नसला तरी खाज असू शकते,’’ डॉक्टर म्हणाली आणि इंजेक्शन लिहून दिलं.

बाहेर बाकावर इंजेक्शनसाठी नंबर यायची वाट बघत बसलो. मला गप्प राहवेना. जिनं आयुष्यात कुणाला वाढीव गुण दिला नाही, तिनं डॉक्टरला चक्क गंडवलं होतं. मला हसू येत होतं.

‘‘ताई, गुरुवारी तुला खाज नव्हती.’’

‘‘नव्हती.’’

‘‘मग तीन कुठून दिलेस?’’

तिनं पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, परत काढला.

‘‘त्या पत्राला दुसरा रकानाच नव्हता गं,’’ ती म्हणाली, आणि बत्तीस वर्षं मुलांना रडवणारी माझी ताई त्या बाकावर सगळ्यांसमोर रडायला लागली. आतून तिच्या नंबराचा पुकारा झाला. मी आत सांगून आले, पाच मिनिटं थांबा.