कोण कमी पडतंय?

आर्लिस त्वेतनं उभ्या जन्मात स्वतःच्या आवडीचं काही निवडलं असेल तर शपथ! आई अंथरुणाला खिळली, सेवेला आर्लिस. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या तिच्या गावातल्या शाळेत स्वयंपाकाला माणूस मिळेना, सदतीस वर्षं तिथं आर्लिस. रविवारी दुपारी ड्वाइटच्या तळघरात, एकेक पात्र घेऊन, फासे टाकून राक्षस मारायचा खेळ चाले, ड्वाइट तो चालवायचा; तिथंही तेच. नव्या डावाआधी ड्वाइट विचारायचा, "कोण कमी पडतंय?" तोवर तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन योद्धा होऊन मोकळा. शाळेची बस चालवणारी जोॲन चोर. मग जखमा बांधायला कोण? एकोणीस वर्षं आर्लिसच वैद्य होती.

मागच्या रविवारी तिघंही खेळातल्या एका गुहेत गारद झाले, कारण व्हर्लिन नेहमीसारखा न विचारता आत घुसला. म्हणून आज नवे कागद, नवी पात्रं. बाहेर तळं गोठलेलं. मधूनच बर्फ खोलवर तडकायचा आणि असा हुंकार द्यायचा, की तळघराची काच थरथरायची. जन्मभर ऐकलेला आवाज तो. पण मंगळवारी डॉक्टर म्हणाले, "उन्हाळा दिसेलच असं सांगता येत नाही," तेव्हापासून तो तिला आपल्याच बरगड्यांतून आल्यासारखा वाटायचा.

तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. मरणाची भीती होतीच, खोटं कशाला बोला? पण त्याहून जास्त काळजी व्हर्लिनची होती. बायको गेल्यापासून रविवार सोडला तर तो घराबाहेर पडत नव्हता. वैद्य नसलेली टोळी दर दोन डावांत मरते, आणि सारखी मरायला लागली की टेबलच मोडतं, खेळ बंद पडतो. मग हा बावन्न वर्षांचा बाप्या एकटा बसून काय करणार?

"कोण कमी पडतंय?" ड्वाइटनं विचारलं.

"विचारायचं काय त्यात?" व्हर्लिन सॉसेज चघळत म्हणाला. "आमच्या वैद्यीणबाई आहेत की!"

"मी योद्धा होणार," आर्लिस म्हणाली.

जोॲनला हसू आवरेना. "अगं, तू? कांदा चिरताना कांद्याची माफी मागणारी!"

"योद्धा मी आहे," व्हर्लिन म्हणाला. "तिघांत दोन योद्धे आणि वैद्य नाहीच? मरायचंय का आपल्याला?"

"मग तू हो वैद्य."

"मी? मला स्वतःच्या बोटाला पट्टी बांधता येत नाही!"

"शिक मग! शंभरदा उठवलंय तुला. आता तू दुसऱ्याला उठवून बघ." तिचा आवाज चढला, पाठोपाठ खोकल्याची उबळ आली. रुमाल तिनं घाईघाईनं बाहीत कोंबला.

"एवढं काय खवळायचं?" व्हर्लिन पुटपुटला आणि चिडून त्यानं आपल्या कागदावर ठसठशीत 'योद्धा' लिहून टाकलं.

या टेबलाचा एक नियम होता, व्हर्लिननंच घातलेला. नाव आणि पेशा शाईनं लिहायचा, कारण तो राहतो. प्राणांचा आकडा पेन्सिलनं, कारण तो खोडावा लागतो. नियमाच्या बाबतीत गडी भारी चोख. त्यानं मान लांब करून बहिणीच्या कागदात डोकावलं.

"ए म्हातारे! नाव पेन्सिलनं लिहिलंस की. नियम विसरलीस?"

"नाही विसरले," आर्लिस म्हणाली.

तो हसतच होता. मग हसू तोंडावर तसंच राहिलं. त्यानं तिच्या बाहीकडे पाहिलं, वाळलेल्या मनगटाकडे पाहिलं. बर्फानं पुन्हा हुंकार दिला, आणि या वेळी त्यानंही दचकून काचेकडे बघितलं.

"किती दिवस?"

"उन्हाळ्यापर्यंत. कदाचित तेवढेही नाहीत."

जोॲननं तोंडावर हात दाबला. ड्वाइटनं फासे बाजूला सारले.

व्हर्लिननं पेन उचललं आणि 'योद्धा'वर रेघांवर रेघा मारल्या. कागद फाटला. फाटल्याच्या शेजारी त्यानं शाईनं 'वैद्य' लिहिलं.

"सांग," तो म्हणाला. "आधी काय शिकू?"