इशिदासानच्या यजमानांचा प्रश्न

काल ऑफिसातून जपानमधल्या माझ्या गावी, इचिकावाला, परतताना कुणाच्या तरी खिडकीतून उदबत्तीचा वास आला, आणि मला परीक्षेचे ते दिवस आठवले.

तेव्हा मी इथल्याच एका भारतीय हॉटेलात भांडी घासायचे. दहावीआधीच शाळा सुटलेली, आणि शिकत होते काय, तर बहुराष्ट्रीय कंपन्यांचं वित्त-व्यवस्थापन! हॉटेल बंद होणार होतं. पास झाले तर ऑफिसात नोकरी, नाहीतर परत सांगली.

घरमालकीण इशिदासान म्हणाल्या, "माझे यजमान हेच काम करायचे. त्यांना समजावून सांग."

यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या फोटोपुढे त्या उदबत्ती लावायच्या, चहा ठेवायच्या, छोटी घंटा वाजवून "पोरगी आलीये हं" म्हणायच्या. मग मी फोटोला धडा सांगायचे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी सगळं बोलून दाखवलं. इशिदासान फोटोकडे कान देऊन बसल्या.

"ते विचारतायत, तुमचा रुपया घसरला तर?"

परदेशातलं चलन घसरलं की तिथल्या शाखेचा नफा येनमध्ये आणताना होणारं नुकसान, नेमका तेवढाच भाग मला कळला नव्हता, म्हणून मी गाळला होता. इशिदासानना तर या विषयातलं अक्षर कळत नसे.

तिथंच पुस्तक उघडून मी तो भाग शिकले, घाबरत घाबरत.

आता त्याही फोटोत आहेत. मोठ्या मीटिंगआधी मी दोघांपुढे चहा ठेवते, सगळं मोठ्यानं सांगते, आणि थांबते. काही गाळलं असेल, तर खोली गप्प राहत नाही.